निराधार नसलेल्या बाईचा अर्ज

अर्ज हा रडका असावा लागतो, हे मी या व्यवसायाच्या आरंभीच जाणले आणि त्या ज्ञानावर माझा संसार चालला. औरंगाबादच्या कलेक्टर कचेरीबाहेर लिंबाच्या झाडाखाली, उतरत्या झाकणाची पेटी पुढे घेऊन मी बसतो. माझे शिक्षण उर्दू चौथीपर्यंत झाले. पुढे वडील वारले आणि शाळा राहिली. तथापि पदवीधरांनी लिहिलेले अर्ज परत आलेले आणि मी लिहिलेले दाखल झालेले मी पाहिले आहेत. हे मी अभिमानाने नव्हे, केवळ वस्तुस्थिती म्हणून नमूद करतो. आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी मजकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या गमती लिहून मागितल्या आहेत. वास्तविक आमच्याकडे गमतीने कोणी येत नाही. म्हणून गमतीऐवजी मी एका बाईंची हकीकत देतो.

प्रथम व्यवसायाविषयी थोडे. अर्जाचे अवयव ठरलेले आहेत. वर मायना, त्याखाली हकीकत, त्याखाली दुःख, शेवटी विनंती. निजामी अमदानीत विनंतीनंतर साहेबांच्या दीर्घायुष्यासाठी दुवा मागण्याचीही पद्धत होती. पोलीस अ‍ॅक्शननंतर कचेरीची भाषा बदलली, उर्दू गेली, मराठी आली, दुवा गळाली. दुःख मात्र होते तसेच राहिले, त्याची फक्त लिपी बदलली. हकीकत कोणीही लिहील. अर्जनवीसाची खरी परीक्षा दुःखाच्या परिच्छेदात होते. माझा परिच्छेद असा होता : "अर्जदार अत्यंत गरीब, अनाथ व निराधार असून मायबाप सरकारशिवाय त्यास या जगात कोणीही वाली नाही." हे वाक्य मी स्वतः बसवलेले आहे. दोन तेलघाण्यांच्या एका मालकाने त्याखाली सही करून शेजारी उभ्या असलेल्या आपल्या चार धाकट्या भावांना ते कौतुकाने दाखवले होते.

आणखी एक रीत सांगतो. ज्याला लिहिता-वाचता येत नाही, त्याचा अंगठा घेण्यापूर्वी अर्ज त्याला वाचून दाखवावा लागतो आणि "ऐकला, बरोबर आहे" असे त्याच्याकडून वदवून घ्यावे लागते. लोक बहुधा तिसऱ्या ओळीलाच मान डोलावतात आणि अंगठा पुढे करतात. माझ्या आठवणीत शेवटपर्यंत ऐकणारे गिऱ्हाईक एकच आले. ते म्हणजे मार्थाबाई.

गंगापूर तालुक्यातील एका खेड्यात ख्रिस्ती झालेल्यांची काही घरे आहेत. त्यांपैकी याकोब नावाच्या मोलमजुराची ही पत्नी. पन्नाशी उलटलेली, उंच, सुती पांढरे लुगडे, गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला लहानसा क्रूस. एका बाजाराच्या दिवशी ती माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "मुन्शीजी, अर्ज लिहायचा हाय. गंगापूरला दिलता, त्याचं काय झालं कुणालाच ठावं नाय."

हकीकत थोडक्यात अशी होती. गावाबाहेर ओढ्यालगत एक पडीक तुकडा होता. तेथे ही ख्रिस्ती घरे आपली माणसे पुरीत आली होती. सरकारी कागदात मात्र तो तुकडा नुसता गायरान म्हणून लागलेला होता आणि गावच्या पंचायतीने तेथे कोंडवाडा बांधायचे ठरवले होते. मोकाट गुरे कोंडण्यास जागा हवी, ही पंचायतीची अडचण रास्त होती. इकडे याकोब छातीच्या दुखण्याने शहरातल्या मिशनच्या दवाखान्यात पडून होता आणि आपल्याला त्याच तुकड्यात पुरावे, असे त्याचे मागणे होते. गंगापूरला पाद्रीसाहेबांच्या देखरेखीखालची व्यवस्थित भिंतीची दफनभूमी होती. ती त्याला नको होती.

"का नको?" मी विचारले. अर्जनवीसाला सर्व विचारावे लागते.

"आमची माणसं हाईत तिथं."

मी लिहिण्यास घेतले. प्रकरण उत्तम होते. मरणासन्न पती, असहाय स्त्री, मृतांची विटंबना. अशी सामग्री वर्षातून एखाद्या वेळीच हाती येते. मी दोन पाने लिहिली. नंतर रीतीप्रमाणे वाचून दाखवू लागलो. तिसरी ओळ झाली, पाचवी झाली. बाईची मान हलेना. "अनाथ व निराधार" येथे तिने हात वर केला.

"ह्ये कोण?"

"आपणच."

"मी निराधार नाय."

मी समजावले की ही लिहिण्याची पद्धत आहे.

"आसंल. पर मी त्याखाली अंगठा देऊ व्हय? रोज सकाळी 'बापा' म्हणून हाक मारायची, आन् दुपारी हितं येऊन लिहून द्यायचं की मला कुणीच वाली नाय? त्यो बी ऐकत असंल की."

"बाई, परमेश्वर कचेरीचे कागद वाचीत नाही."

"तुमी वाचलाव का त्याचे कागद? मग कशावरनं?"

यावर मी पुढे वाचू लागलो. "मरणासन्न" या ठिकाणी तिने पुन्हा थांबवले. "डाक्टरला नाय माहीत आन् तुमाला कसं म्हाईत? आजारी हाय, येवढंच लिवा."

माझ्या शेजारी उस्मानभाई बसतात. ते माझ्याही आधीपासून या झाडाखाली आहेत आणि दुःखाच्या बाबतीत त्यांचा हात माझ्यापेक्षा सढळ आहे. ते चष्म्यावरून पाहत म्हणाले, "अगे बाई, रोए बगैर माँ भी दूध नहीं पिलाती. लिखने दे पंडत को."

"भाईजान, आईजवळ रडती की मी. लई रडती," मार्थाबाई म्हणाली. "पर रडायचं ते देवापाशी. सरकारपाशी मागायचं. हितं रडून तिथं काय मागू?"

मी लेखणी खाली ठेवली. मला राग आला होता, हे मान्य करतो. रोग्याने वैद्याला औषध शिकवावे, तसा हा प्रकार होता. मी म्हटले, "मग आपणच सांगावे. मी उतरून घेतो. परिणामास मी जबाबदार नाही."

तिने सांगितले आणि मी उतरले. अर्जदाराचे घराणे ख्रिस्ती असून आमची माणसे ओढ्यालगतच्या तुकड्यात पुरलेली आहेत. तेथे पंचायत कोंडवाडा बांधणार आहे, तो बांधू नये व जागा दफनभूमी म्हणून कागदी लावावी. माझा नवरा आजारी असून त्यास तेथेच पुरावे असे त्याचे मागणे आहे. आम्ही उत्तराची वाट पाहतो.

संपला. मी वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकला, "बरोबर हाय" म्हणाली आणि अंगठा दिला. उस्मानभाईंनी कागद हातात घेऊन उलटा केला, मागे काही आहे का पाहिले. "पंडत, ये दरखास्त है के तार? इतने में तो मेरा सलाम भी पूरा नहीं होता." अर्जाच्या तळाशी अर्जनवीसाने आपले नाव घालायचे असते. मी ते घातले; जरा बारीक अक्षरात.

उठता उठता बाईने विचारले, "मुन्शीजी, घरी कोण कोण हाय तुमच्या?"

हा प्रश्न अर्जाच्या कामात बसत नव्हता. तरी मी सांगितले की पत्नी आहे, तिची डावी बाजू पक्षाघाताने गेलेली आहे आणि ती कित्येक वर्षे अंथरुणावर आहे. पुढे काही कळण्याच्या आत त्या बाईने डोळे मिटले आणि भर कचेरीसमोर मोठ्याने प्रार्थना सुरू केली. तिने माझ्या पत्नीचे नाव विचारून घेतले नव्हते, त्यामुळे "या दादाची मालकीण" असा उल्लेख केला. तिला उठव, अशी विनंती केली. उठवणार नसशील तर तिच्याजवळ बस, अशी दुसरी केली. या दादाला थोडक्यात लिहायची बुद्धी दे, ही तिसरी. शिपाई, गिऱ्हाईक, चहावाला, सर्व पाहत होते. संपल्यावर उस्मानभाई सवयीने "आमीन" म्हणाले आणि नंतर त्यांनी इकडेतिकडे पाहिले.

माझ्या पत्नीच्या प्रकृतीत या प्रार्थनेने फरक पडला नाही. हे मुद्दाम नोंदवतो, कारण अशा हकीकतींत तो पडलेला असतो.

अर्ज दाखल झाला. आमच्या भाषेत सांगायचे तर कागद चालू लागला, म्हणजे एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला. तो गंगापूरला चौकशीस गेला. तेथून तलाठ्याकडे गेला. तलाठ्याने लिहिले की सदर जागी गवत असून थडगी आढळत नाहीत. दरम्यान मार्थाबाई अधूनमधून शहरात येई. याकोबला भेटायची, मग कचेरीत विचारायची, मग माझ्यापाशी येऊन बसायची. मी एकदा सुचवले की स्मरणपत्र द्यावे. वाटले होते, नाही म्हणेल. ती म्हणाली, "द्या की. आठवण करून द्यायला काय हरकत? देवाला बी देतोच आपण."

एकदा ती मला न विचारता माझ्या घरी गेली आणि पत्नीजवळ बराच वेळ बसली. संध्याकाळी मी पत्नीला विचारले की ती बाई काय बोलली. पत्नी म्हणाली, "काही विशेष नाही. माझे पाय चेपले. आजपर्यंत जो आला तो म्हणाला, बऱ्या व्हाल. ती तसं काही म्हणाली नाही." थोड्या वेळाने म्हणाली, "बरं वाटलं."

पुढे डेप्युटी कलेक्टर साहेबांनी स्वतः स्थळपाहणीचा दिवस नेमला. मी स्थळपाहणीस जात नसतो. अर्जनवीसाची हद्द पेटीपाशी संपते. परंतु माझ्या नावाने गेलेला असा तोकडा अर्ज साहेबांसमोर उघडा पडणार, म्हणून मी एस.टी.ने गंगापूरला व तेथून बैलगाडीने गावी गेलो.

ओढ्याकाठी मंडळी जमली होती. डेप्युटी साहेब, तलाठी, सरपंच असलेले गावचे पाटील आणि ख्रिस्ती घरांतील बायाबापड्या. मधोमध चौघांनी एक बाज आणून ठेवली होती. तिच्यावर एक माणूस घोंगडी पांघरून डोळे मिटून पडला होता. साहेबांनी टोपी काढली आणि हलक्या आवाजात विचारले, "हे कधी वारले?"

बाजेवरून उत्तर आले, "आजून नाय, सायेब."

तो याकोब. जागा दाखवायला म्हणून दवाखान्यातून हट्टाने निघून आला होता.

पाटलांनी आपली बाजू मांडली. "सायेब, तुमीच बघा. हितं गवताशिवाय काय हाय? थडगी आस्ती तर दगड नस्ते का?"

"व्हते की दगड," मार्थाबाई म्हणाली. "तुमच्या गोठ्यात हाईत, पाटील. गव्हाणीला लावल्यात."

"मार्थे, जित्या जनावराला आडोसा पायजे. मेलेल्याला काय कळतंय?"

"कळत नाय तर मग तुमचा कोंडवाडा तुमच्या वडलांच्या समाधीवर बांधा. त्यांना बी नाय कळायचं."

मागे कोणीतरी हसले आणि लगेच खोकू लागले.

साहेब गवतातून चालू लागले. जमिनीवर जागोजागी लांबट खड्डे पडल्यासारखे दिसत होते, माती दबते तसे; आणि त्या सर्वांचा रोख एकच होता, पूर्व-पश्चिम. साहेब थांबले. "हे सगळे एकाच दिशेला कसे?"

"पाय उगवतीकडं करून पुरतो आमी," मार्थाबाई म्हणाली. "परभू येईल त्या दिवशी उठून बसलं की तोंड त्याच्याकडं आसावं. वळून बघायला नगं."

तलाठ्याने वहीत काही लिहिले व खोडले. साहेब म्हणाले, "तुम्हाला यांतले कोणते कोणाचे हे ओळखता येते?"

मग ती त्या गवतातून हळूहळू चालली. हे सासरे. हा दीर, विहिरीत पडून गेला. ही शेजारीण. ओढ्याच्या कडेला तीन लहान खळगे होते, जवळजवळ. तेथे ती थांबली. "हा आमचा शमुवेल. गोवरानं गेला. ही रूथ, त्याच्या पाठची, त्याच आठवड्यात. आन् ह्याचं नाव ठेवायचं ऱ्हायलं."

बाजेवर याकोबने तोंड पलीकडे केले होते. मी साहेबांकडे पाहिले. साहेब हातातील अर्ज पुन्हा वाचीत होते. त्यात मुलांचा शब्दही नव्हता. खाली माझे नाव होते.

साहेबांनी मला विचारले, "हे तुम्हाला माहीत नव्हते?"

"नाही, साहेब," मी म्हटले.

परतताना ती मला गाडीपर्यंत पोचवायला आली. मी संतापलेला होतो. तीन मुले! तीन मुले जमिनीत असताना या बाईने मला "आमची माणसं" एवढेच सांगितले होते. मी तिला स्पष्ट म्हटले की हे आधी सांगितले असते तर मी असा अर्ज लिहिला असता की कलेक्टरांनी जेवण सोडले असते.

"म्हणूनच नाय सांगितलं," ती म्हणाली. "ती अर्जात घालायची नव्हती, मुन्शीजी."

काही वेळ आम्ही चाललो. मी विचारले, तीन मुले गेल्यावर आपला देवावर विश्वास कसा राहिला? प्रश्न उद्धट होता. पण मला खरोखरच जाणून घ्यायचे होते, घरी अंथरुणावर पडलेली माझीही एक बाजू होती.

"ऱ्हायला कुठं? तिसऱ्याच्या वक्ताला गेलताच की. लई भांडले. भांडी आपटली. चर्चला गेले नाय, पाद्रीसायबाला दारातनं माघारी लावलं. मंग एक दिवस ध्यानात आलं, भांडतीये कुणाशी? नसता तर भांडले कुणाशी आसते? परभू सोता क्रुसावर मोठ्यानं वरडला हो. त्यालासुदीक बापानं उतरवला नाय. पर तिसऱ्या दिवशी उठवला. आमचा तिसरा दिवस आजून यायचाय, येवढंच. तवर रडायचं, आन् भाकरी थापायच्या. दुःखानं माणूस बोळ्यावाणी चुरगळतो. पर देवाला धरून ऱ्हायला तर त्योच माणूस भाजल्या विटंवाणी व्हतो. कुणी भरवसा टाकावा आसा."

"आणि आशा?" मी विचारले. "आशा खोटी निघाली तर?"

"पेरल्यालं कुणी उकरून बघतं व्हय रोज?"

गाडीवान खोळंबला होता. मी गाडीत चढलो.

माझा धर्म बदललेला नाही. सकाळची माझी पूजा चालू आहे. मात्र दुःखाचा परिच्छेद लिहिताना मी आता आधी गिऱ्हाइकाला विचारतो की घालू का. बहुतेक सर्व घाला म्हणतात. तेलघाण्यांच्या मालकांनी तर दोनदा घाला म्हटले.

निकाल लवकर लागला नाही. डेप्युटी साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांनी कागद पहिल्यापासून मागवले. कोंडवाड्याचे दगड येऊन ओढ्याकाठी पडले. याकोबचे दुखणे मध्यंतरी इतके वाढले की गंगापूरच्या दफनभूमीत पाद्रीसाहेबांनी जागाही पाहून ठेवली. मी मार्थाबाईंना म्हटले की आता हट्ट सोडावा; देह काही हुकुमाची वाट पाहत नाही. ती म्हणाली, "नाय मिळाली जागा तर गंगापूरला नेऊ. परभूला तिथं बी सापडंल त्यो. पर मागायचं कशाला सोडू? अजून 'नाय' म्हणलंय कुठं कुणी?" आणि तिने मला आणखी एक स्मरणपत्र लिहायला लावले.

अखेर हुकूम आला. जागा ख्रिस्ती लोकांच्या दफनभूमीकडे लावण्यात आली. हुकुमात पहिल्या साहेबांच्या स्थळपाहणीचा आधार घेतलेला होता आणि प्रेते पूर्व-पश्चिम पुरण्याच्या रिवाजाचा उल्लेख होता. कोंडवाडा पाटलांच्या स्वतःच्या पडीत बांधला गेला. पाटलांनी गव्हाणीचे दगडही काढून दिले, फक्त कोणता कोणाचा हे आता कोणालाच सांगता येत नव्हते.

याकोब मात्र मेला नाही. दवाखान्यात तेव्हा नव्या सुया निघाल्या होत्या, त्या त्याला लागू पडल्या. ज्याच्या दफनासाठी आम्ही सरकारशी एवढा पत्रव्यवहार केला, तो माणूस काठी घेऊन हिंडू लागला आणि त्या तुकड्यावरून लोकांच्या शेळ्या हाकण्याचे काम त्याने आपल्याकडे घेतले. उस्मानभाईंनी मला विचारले, "पंडत, अब वापसी की दरखास्त लिखेगा क्या?"

काही वर्षांनी एका उन्हाळ्यात याकोब एकटाच माझ्यापुढे येऊन बसला. मी सवयीने कागद ओढला.

"अर्ज नाय," तो म्हणाला. "मार्था गेली. तापानं. तुमाला कळवून ये म्हणाली व्हती."

मी त्याच दिवशी पेटी उस्मानभाईंच्या स्वाधीन करून त्याच्याबरोबर गावी गेलो. माती आदल्या दिवशीच झाली होती. ओढ्याकाठी तीन लहान खळग्यांना लागून ओला ढिगारा होता, पाय पूर्वेकडे. मी मूठभर माती टाकली. काही बोलावे असे वाटले. माझ्याजवळ दुःखाची वाक्ये पुष्कळ आहेत. त्यातले एकही या बाईला चालले नसते.

याकोब काठीवर हनुवटी टेकून ढिगाऱ्याकडे पाहत होता. "ती जागा माझी व्हती, मुन्शीजी," तो म्हणाला. "पोरांशेजारची. मीच धरून ठेवलती. जलमभर माझ्या आधी कधी जेवली नाय, आन् आता बगा, माझ्या आधी जाऊन बसली." त्याने डोळे पुसले आणि पलीकडच्या बाभळीकडे काठी केली. "आता मला तिकडं. चालतंय. बाभळीची सावली हाय." मग जरा काळजीने माझ्याकडे वळला. "पर कागदावर तर माझं नाव हाय ना, मला हितंच पुरावं म्हणून? आता जागा बदलली, तर नवा अर्ज द्यावा लागंल का?"

मी या प्रश्नाचा रीतसर विचार केला. हुकूम मला तोंडपाठ होता. तुकडा सबंध लागला होता, ओढ्यापासून बाभळीपर्यंत.

"नाही," मी म्हटले. "अर्ज लागणार नाही."

"नक्की?"

"मी सांगतो ना."

त्याने मान डोलावली आणि बाभळीखाली शिरलेली शेळी हाकायला गेला.